चौकट बसली तर माणूस

पहिला आला तो एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. मास्तर काउंटरमागे बसून लेन्स पुसत होते. मान वर केली तर समोरच्या खुर्चीत एक माणूस बसलेला. राखाडी कोट, डोक्यावर गोल टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर. जिन्याच्या पायऱ्या वाजल्या नव्हत्या, पण मास्तरांना वाटलं, आपलंच लक्ष नसेल.

"बोला. पासपोर्टचा की नुसताच?"

माणूस बोलेना.

"टोपी काढावी लागेल हं. कान दिसले पाहिजेत, नाहीतर परत पाठवतात."

माणूस हलेना. आतल्या खोलीत फोटो कापत बसलेली बायको कात्री घेऊन दारात आली.

"अहो, कुणाशी बोलताय?"

"हे काय, हे आलेत ना..." म्हणत मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, परत खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती. बसायची गादीसुद्धा दबलेली नव्हती.

मास्तर कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. चाळीस वर्षं एका जिन्याच्या वर, दोन खोल्यांत त्यांचा स्टुडिओ होता. "मान वर, हनुवटी खाली, हसू नका, रडूही नका," हे ते अशा काही आवाजात म्हणायचे की मोठमोठे अधिकारीही हाताची घडी घालून ताठ बसत. त्यावरून नाव पडलं. बायको ओघानेच मास्तरीणबाई झाल्या.

त्या दिवशी मास्तरांना भीती वाटली ती माणूस नाहीसा झाल्याची नव्हे. भीती वाटली ती तो किती स्वच्छ दिसला याची. गेलं वर्षभर त्यांना कुणाचाच चेहरा धड दिसत नव्हता. ज्याच्याकडे बघावं त्याच्या तोंडावर, ओल्या फोटोवरून कुणी अंगठा फिरवावा तसा फराटा. कडेचं सगळं नीट दिसे, पण मधलं पुसलेलं. ही गोष्ट त्यांनी गिऱ्हाइकांपासून लपवली होती, बायकोपासूनही निम्मी लपवली होती. आणि या टोपीवाल्याच्या कोटाची शिवण उसवलेली त्यांना दिसली होती. वरून तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलेलं दिसलं होतं.

आठवड्यात तो आणखी दोनदा आला. तिसऱ्या वेळी एक बाई तान्हं बाळ घेऊन आली होती. मास्तर तिला सहज म्हणाले, "जरा या काकांच्या पलीकडून या, त्यांच्या पायाला लागेल." बाईने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि फोटो न काढताच जिना उतरून गेली. अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. मास्तरांनी कानाला खडा लावला: आपण होऊन कुणाशीही पहिला शब्द बोलायचा नाही. समोरचा बोलला तर बोलायचं. तो बोलेपर्यंत लेन्स पुसत बसायचं.

मास्तरीणबाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, घाई न करणारी. तिने तपासलं आणि सांगितलं, "डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. डोळ्याकडून काही येईनासं झालं की डोकं आपल्या पदरचं भरतं. तुम्ही वेडेबिडे होत नाही आहात, आधी ते मनातून काढा. ती माणसं बोलणार नाहीत, त्यांचा आवाज येणार नाही. नजर फिरवा, जातील."

"पण टोपीवालाच का?"

"मला भेटलेल्या बऱ्याच जणांना अशीच मंडळी दिसतात. टोप्या घातलेली माणसं, जुन्या कपड्यांतली लहान मुलं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही." मग कागदावर लिहिता लिहिता तिने विचारलं, "हे कधीकधी घराण्यात असतं. तुमच्याकडे होतं का कुणाला?"

"नाही," मास्तर पटकन म्हणाले.

होतं. एकोणीस वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा ती कपाट आणि खिडकीच्या मधल्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणायची, तिथे चार पोरं उभी आहेत. सगळे म्हणत, म्हातारपण, भ्रम झालाय. आई चिडायची. एके दुपारी तिने मास्तरांना बोलावून घेतलं, "तू फोटोवाला ना? मग काढ त्यांचा फोटो. म्हणजे तरी यांचा विश्वास बसेल." मास्तरांनी तिच्या समाधानासाठी कॅमेरा उचलला आणि कोऱ्या भिंतीचे तीन फोटो काढले. "मान वर, हनुवटी खाली," असंही म्हणाले. आई कितीतरी दिवसांनी हसली आणि कुशीवर वळून झोपली. पण दारात ताई उभी होती, मास्तरांची थोरली बहीण. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मरायला टेकलेल्या आईची थट्टा करतोस? तुला काही लाज?"

मास्तरांनी समजावायचा प्रयत्न केला नाही. तेही तापट होते. आई गेली, तेराव्या-चौदाव्या दिवशी ताई आपल्या गावी गेली, आणि दोघांच्यात एकोणीस वर्षं एक अक्षर झालं नाही.

इकडे स्टुडिओत फोटो परत येऊ लागले. कुणाचा कान फोकसमध्ये, डोळे नाहीत. कुणाच्या मागचा पडदा स्वच्छ आणि माणूस धुक्यात. जुना कॅमेरा आरशाचा होता. लेन्समधून आलेला उजेड आरशावरून डोळ्याशी, आणि पुढचं सगळं डोळ्याच्या भरवशावर. तो डोळाच राहिला नव्हता. "आता मिररलेस घ्या नाहीतर दार लावा," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांना गोड बोलायची सवय नव्हती.

कॅमेऱ्याच्या दुकानातला माणूस मास्तरांना पंचवीस वर्षं ओळखत होता. त्याने काचेवर तीन कॅमेरे मांडले. "मास्तर, यात आरसाच नाही. कॅमेऱ्याला जे दिसतं तेच आतल्या छोट्या पडद्यावर तुम्हाला दिसतं. समोर माणूस आला की त्याच्या तोंडावर आपोआप चौकट बसते. फोकस तुम्ही करायचाच नाही."

मास्तरांनी पहिला कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसेच थिजले. दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून चार मुलं उभी होती. लांब बाह्यांचे जाड सदरे, केस पाण्याने चापून बसवलेले. उंचीप्रमाणे ओळीत, जशी शाळेच्या फोटोला उभी करतात. सगळ्यात धाकटीने दोन्ही हातांनी कान घट्ट झाकले होते. दुकानात तर पंख्याच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता.

"काय झालं, मास्तर?"

दुकानदार मुलांच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा मास्तरांना नेहमीप्रमाणे पुसट दिसला, पण त्या पुसट जागेवर टपकन एक पिवळी चौकट येऊन बसली. मुलांवर बसली नाही. मास्तरांनी कॅमेरा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. चौकट दुकानदाराला धरून राहिली. मुलं स्वच्छ दिसत होती, त्यांच्या सदऱ्यांच्या काजांसकट, आणि कॅमेऱ्याच्या लेखी ती भिंत होती.

मास्तरांचा श्वास मोकळा झाला. त्यांनी कॅमेरा निवडला तो त्या दिवशी, आणि असा निवडला की दुकानदाराने कपाळाला हात लावला. पहिला सगळ्यात नवा होता, पण माणसाने पाठ फिरवली की चौकट सोडून देई. दुसऱ्याची डोळा लावायची खिडकी एवढीशी. तिसरा मागच्या पिढीतला, जाडजूड, कुणी मागत नसलेला. पण त्याची खिडकी मोठी होती, आणि माणूस पाठमोरा झाला तरी चौकट डोक्याला चिकटून राही. मास्तरांनी दुकानदाराला पाठ करून उभं केलं, खाली वाकवलं, खांबाआड जायला लावलं.

"मास्तर, लपाछपी खेळताय की कॅमेरा घेताय?"

"हाच द्या. आणि फोकस झाला की टुक् असा आवाज करतो ना? तो चालू करून द्या."

"तो तर सगळे बंद करायला सांगतात!"

"मला चालू हवा." डोळ्याने दगा दिला तरी कान अजून आपल्या बाजूने आहे, असं ते मनात म्हणाले.

लेन्सचंही तसंच. दुकानदार झूम पुढे करत होता. लांबचं जवळ येईल, एकातच सगळं काम. मास्तरांनी ती हातात धरून परत ठेवली. जवळ आणण्यात त्यांना रस नव्हता. त्यांनी पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स घेतली, कारण त्या खिडकीतून पन्नासने बघितलं आणि दुसरा डोळा उघडा ठेवला, तर दोन्हीकडे माणूस जवळपास एकाच मापाचा दिसतो. जग आणि कॅमेरा एकावर एक ठेवून ताडता येतं. आणि चेहऱ्यांच्या फोटोसाठी पंच्याऐंशीची. "बास," ते म्हणाले.

पुढचे आठ महिने बरे गेले. फोटो पुन्हा काटेकोर येऊ लागले. मास्तरांनी मनाशी एक नियम बांधला: पुसट दिसतो तो आहे, स्वच्छ दिसतो तो नाही. आणि संशय आलाच तर कॅमेरा उचलायचा. चौकट बसली तर माणूस. टोपीवाला येई, खुर्चीत बसे. मुलं पडद्याच्या कडेला उभी राहत. मास्तरीणबाई सरावल्या. "आज कोण कोण आलंय? टोपीवाल्यांना विचारा, चहा टाकू का," असं आतून ओरडून विचारत. मास्तर हसत. पण त्यांनी बायकोला सगळं सांगितलेलं नव्हतं. मुलं आता पूर्वीपेक्षा काउंटरच्या जवळ उभी राहतात, हे सांगितलं नव्हतं. धाकटी कान झाकून असते हेही नाही. तिचा चेहरा असा असे की, एखादा मोठा आवाज व्हायचाच आहे आणि तिला तो आधीच माहीत आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. डोकं जर टोपी रंगवू शकतं, काजं रंगवू शकतं, तर एक दिवस ते पिवळी चौकटही रंगवायला शिकेल. मग काय करायचं?

मग तो बुधवार आला. त्या आठवड्यात मास्तरीणबाई एका शाळेच्या ओळखपत्रांच्या कामासाठी रोज दुपारी बाहेर जात होत्या. मास्तर एकटे होते. उजव्या अंगाला, दाराच्या चौकटीत, कुणीतरी उभं आहे असं त्यांना जाणवलं. समोर भिंतीकडेच बघत ते थांबले. कडेच्या नजरेला ती बाई स्वच्छ दिसत होती. पांढरे केस मागे बांधलेले, करडी शाल, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली पिशवी. खांदे किंचित पुढे, डोकं एका बाजूला कललेलं.

आई.

मास्तरांच्या हातातलं फडकं खाली पडलं. आजवर अनोळखी लोक आले होते, ते सोसवत होतं. आता डोकं घरातल्या माणसांना हात घालू लागलं होतं. बाई बोलली नाही. मास्तर तर पहिला शब्द बोलणार नव्हतेच. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी मान डावीकडे फिरवली आणि डोळे मिटून शंभरपर्यंत आकडे मोजले. उघडले तेव्हा दार रिकामं होतं.

गुरुवारी ती पुन्हा आली. तीच वेळ, तीच शाल. या वेळी दाराच्या आत एक पाऊल. मास्तरांनी पुन्हा मान फिरवली. मोजता मोजता एक बारीक आवाज आला, नाक ओढल्यासारखा. त्यांना आवाज नसतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. म्हणजे आता कानही गेला? रात्री जेवताना बायकोने विचारलं, "आज कोण आलं होतं?" मास्तर म्हणाले, "कुणी नाही."

शुक्रवारी दुपारी ते कॅमेरा गळ्यात अडकवूनच बसले. एकदा काय ते बघून घेऊ. चौकट बसणार नाही, आणि मग जीव भांड्यात पडेल. तीन वाजता दारात शाल दिसली. मास्तरांनी एकदम वळून कॅमेरा डोळ्याला लावला.

वळताच बाईचा चेहरा पुसला गेला. टोपीवाल्याचा असा कधी पुसला जात नसे, मुलांचा नसे. त्या पुसट जागेवर पिवळी चौकट आली, थरथरली, आणि बसली.

टुक्.

एकोणीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाईला कॅमेरा माणूस म्हणत होता. काय करावं ते कळेना, आणि हाताला चाळीस वर्षांची जी सवय होती तेवढंच हाताने केलं. बटण दाबलं.

"काढलास?" बाई म्हणाली. "निदान मान वर कर, हनुवटी खाली, असं तरी म्हणायचंस."

आवाज आईचा नव्हता. आवाज ताईचा होता. आई गेली त्या वयाची ताई झाली होती, आणि आईचे केस, आईचे खांदे, आईची मान कलती करायची ढब, सगळं तिच्याकडे आलं होतं.

मास्तर खुर्चीत बसले ते कोसळल्यासारखेच. ताईने पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हात गरम होता.

"तीन दिवस येतेय," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तू बघितलंस आणि तोंड फिरवलंस. म्हटलं, बरोबर आहे. मी एवढं बोलले होते, एवढं तर सोसायलाच हवं. इथेच खोली घेऊन राहिले. काल रडू आलं म्हणून गेले."

"ताई, मला वाटलं तू नाहीस."

"म्हणजे?"

मास्तरांनी सांगितलं. डोळे, टोपीवाला, डॉक्टरीणबाई, चौकट. ताई ऐकत राहिली. मध्येच तिने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली.

"तू विचारलं असतंस ना, कोण आहे म्हणून," ती हळू आवाजात म्हणाली, "तर मी पहिल्याच दिवशी बोलले असते." मग म्हणाली, "मी का आलेय ते विचार."

"का आलीस?"

"मलाही दिसतात. दिवाळं निघालंय माझ्या डोळ्यांचं. घरी कुणाला सांगितलं नाही, वेड्यात काढतील. आपण आईला काढलं होतं तसं. मग वाटलं, या जगात एकच माणूस आहे ज्याने त्यांचा फोटो काढायला नाही म्हटलं नव्हतं."

"काय दिसतं तुला?"

"पोरं. चार. ओळीत उभी असतात." ताईने आवाज आणखी खाली आणला, जणू ती ऐकतील. "त्यातली सगळ्यात छोटी आहे ना, ती कानांवर हात ठेवून असते."

मास्तरांनी उजवीकडे, पडद्याच्या कडेला बघायचं टाळलं. तिथे ती उभी होती हे त्यांना न बघताही कळत होतं. आणि ताईची मानसुद्धा त्याच बाजूला वळायचं टाळत होती.

मास्तरीणबाई परत आल्या तेव्हा दोघं भाऊबहीण काउंटरच्या एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून बसलेले. ताईला बघून त्यांनी पिशव्या टाकल्या, मिठी मारली, रडल्या, आणि "किती वाळलात हो ताई" म्हणून रागावल्या. मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सोपं आहे," शेवटी म्हणाल्या. "सासूबाई तेव्हा त्या कान झाकलेल्या पोरीबद्दल बोलल्या असतील. तुमच्या दोघांच्याही डोक्यात राहिलं."

"मी तर त्या खोलीत थांबतच नव्हते गं," ताई म्हणाली. "बघवत नव्हतं म्हणून. दारातूनच मागे फिरायचे."

"मग यांना सांगितलं असेल."

दोघींनी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी आठवून बघितलं. आई 'चार' म्हणाली होती एवढं पक्कं आठवत होतं. बाकी काही आठवेना. डॉक्टरीणबाईंकडे ताईला नेलं तेव्हा त्यांनाही विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, दोघांकडे आळीपाळीने बघितलं, आणि "औषध नियमित घ्या" एवढंच म्हणाल्या.

ताई त्याच गल्लीत दोन खोल्या घेऊन राहायला आली. मास्तरांनी तिच्यासाठी एक छोटा, हलका मिररलेस शोधून ठेवला होता. तिने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. "मला कशाला ही भानगड? मी आपली विचारते, कोण आहे म्हणून. बोललं तर माणूस. तुझ्यापेक्षा माझं यंत्र जुनं आहे." ते मास्तरांना पटलं. कामाला त्यांचा जाड कॅमेरा लागायचाच. चेहऱ्याला पंच्याऐंशीची आणि बाकी सगळ्याला पन्नासची, यात त्यांनी पुढेही बदल केला नाही. पण पहिला शब्द न बोलायची शपथ त्यांनी मोडली. आता दाराशी कुणीही दिसलं, स्वच्छ असो की पुसट, मास्तर मोठ्याने विचारतात, "कोण आहे?" गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा थोडा ऐकायला कमी असेल.

बहुतेक वेळा उत्तर येतं. "मी, मास्तर, ओळखपत्राचे फोटो न्यायला आलोय." आत मास्तरीणबाईंची कात्री चालू राहते. कधीकधी मास्तर विचारतात आणि काहीच येत नाही. मास्तर थोडं थांबतात आणि पुन्हा लेन्स पुसायला लागतात. तशा एका दुपारी मास्तरीणबाईंच्या ध्यानात आलं, की आपली कात्री कागदात अर्धी शिरून थांबली आहे आणि आपणही श्वास रोखून ऐकत आहोत. त्यांनी स्वतःलाच दोन शब्द सुनावले आणि फोटो कापून पुरा केला. तेव्हापासून त्या काम करताना रेडिओ लावतात, जरा मोठ्यानेच.